डब्याचे खाडे, विम्याची तारीख आणि आईचे रिपोर्ट: तुमचे प्रश्न

यावेळी बहुतेकांनी "कुठलं अ‍ॅप घेऊ" असं विचारलंय. माझं मत सांगते, फोनमधे जे आहे किंवा फुकट मिळतं त्यातच भागतं, फक्त कुठली गोष्ट कुठे ठेवायची ते एकदा पक्कं ठरवा आणि मग बदलू नका.

प्रश्न (सांगली): मी डबे देते, तीसेक गिऱ्हाईकं आहेत. "उद्या नको", "आज एक जास्त द्या" सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि महिनाअखेरीला खाड्यांवरून वाद होतात.

उत्तर: ताई, वही लगेच बंद करू नका, पण हिशोब गुगल शीट्समधे घ्या. एकच फाइल, दर महिन्याला त्यात नवीन शीट. डावीकडे खाली खाली नावं, वरच्या ओळीत 1 ते 31 तारखा. डबा गेला की 1, खाडा असेल तर 0, जास्तीचा गेला तर 2. सेल रिकामा मात्र सोडायचा नाही, कारण खाडा होता का लिहायचं राहिलं हे महिन्यानंतर कुणालाच सांगता येत नाही आणि भांडण नेमकं तिथेच होतं. शेवटी बेरजेचा कॉलम, शेजारी ज्याचा त्याचा रेट (फुल डबा, हाफ डबा, नुसती चपातीभाजी, सगळ्यांचा वेगळा असणार) आणि मग गुणाकार, एका ओळीत फॉर्म्युला टाकला की बाकीच्या ओळींत कॉपी पेस्ट होतो. नावांचा कॉलम फ्रीझ करा म्हणजे 25 तारखेपर्यंत सरकलात तरी नाव समोर राहतं.

आता मेसेजचं. फोडणी चालू असताना "उद्या नको" वाचलं जातं आणि डोक्यातून जातं, तर तो मेसेज तेव्हाच दाबून धरून स्टार करायचा, बास. रात्री सगळं आवरलं की स्टार्ड मेसेज उघडायचे, एकेक शीटमधे टाकायचा आणि स्टार काढायचा. महिन्याच्या शेवटी ज्याच्या त्याच्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठवा, तारखेसकट दिसतं ना, मग वाद कशावरून घालणार!

प्रश्न (नांदेड): रिमाइंडर वाजतो तेव्हा मी वर्गावर असतो, बंद करतो आणि विसरतो. गाडीचा विमा असाच संपला.

उत्तर: सर, रिमाइंडर शेवटच्या तारखेला लावूच नका, ज्या वेळी ते काम तुम्ही खरंच करू शकता त्या वेळी लावा. विमा 20 तारखेला संपत असेल तर 5 तारखेला रात्री साडेआठला, तुम्ही घरी असता आणि हातात पंधरा दिवस असतात. गुगल कॅलेंडरमधे दरवर्षी रिपीट ठेवा आणि खाली डिस्क्रिप्शनमधे पॉलिसी नंबर लिहा, नाहीतर कागद शोधण्यातच ती रात्र जाते. काम झालं नाही तर इव्हेंट उद्यावर ढकला, ढकलताना "फक्त हा इव्हेंट" निवडा म्हणजे पुढच्या वर्षीची तारीख हलत नाही.

प्रश्न (पुणे, एमपीएससीची तयारी): नोशनमधे (नोंदी आणि प्लॅनिंगचं अ‍ॅप) सगळं प्लॅनिंग केलंय, तरी अभ्यास होत नाही. दुसरं काही सुचवा.

उत्तर: दुसरं काही नको. घड्याळातला टायमर लावा, 25 मिनिटं अभ्यास, 5 मिनिटं सुट्टी. ही पोमोडोरो पद्धत फ्रान्सेस्को सिरिलो यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातल्या टायमरवर बसवली, तेव्हा अ‍ॅप नव्हतंच. उत्तरलेखनाला 25 कमी पडतील, तिथे 50 करा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधे डिजिटल वेलबीइंगचा फोकस मोड आहे, निवडलेली अ‍ॅप्स तेवढा वेळ तो बंद ठेवतो, इन्स्टा आणि यूट्यूब त्यात टाका. नोशनला रंग देण्यात जाणारा वेळ अभ्यासातूनच जातो रे.

प्रश्न (दुबई): आई नाशिकला एकटी असते. तिचे रिपोर्ट, आधार, पेन्शनचे कागद सगळे व्हॉट्सअ‍ॅपमधे विखुरलेत, ऐनवेळी सापडत नाहीत.

उत्तर: आधी आईचं डिजिलॉकर (कागदपत्रं ठेवायचं सरकारी अ‍ॅप) उघडा, तिचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला असेल तर ओटीपीवर होतं. तिथे सरकारी खात्याकडून थेट आलेले कागद 2016 च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचे धरले जातात, आपण फोटो काढून चढवलेले नाही, हा फरक लक्षात ठेवा. रिपोर्टसाठी गुगल ड्राइव्हमधे एक फोल्डर करून भावंडांना शेअर करा, ड्राइव्हच्या कॅमेऱ्यानेच स्कॅन होऊन पीडीएफ बनते. नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: "2025-03-14 रक्त तपासणी". असं ठेवलं की नावाने लावल्यावर सगळं आपोआप तारखेच्या क्रमाने लागतं आणि डॉक्टरांनी मागची शुगर विचारली की आईला फोनवरून लगेच सांगता येतं. फुकटची जागा 15 जीबी, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहे, म्हणून गुड मॉर्निंगचे व्हिडिओ मधूनमधून काढत जा.

प्रश्न (ठाणे): पासवर्ड गुगल कीपमधे (नोट्सचं अ‍ॅप) लिहून ठेवले तर चालेल?

उत्तर: नाही. फोनमधला पासवर्ड मॅनेजर वापरा, तो स्क्रीन लॉक मागतो. यूपीआयचा पिन तर तिथेही नको, कुठेच लिहू नका.