डॉक्टरच्या हलगर्जीपणाची तक्रार महाराष्ट्रात कुठे करायची?

वडिलांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला, त्याची तक्रार कुठे करायची, असं तुम्ही विचारलंय. जे झालं ते वाचून वाईट वाटलं. तक्रार करायचीच, पण आधी कागद हातात घ्या. केसपेपरच्या प्रती मिळाव्यात असा लेखी अर्ज द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. माझ्या आईच्या वेळी आम्ही नुसतं तोंडी मागत राहिलो. "उद्या या" ऐकण्यात तीन आठवडे गेले. पोच दाखवल्यावर दुसऱ्याच दिवशी फाईल मिळाली.

डॉक्टर एमबीबीएस किंवा त्यापुढचे असतील तर तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, मुंबईला. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत, म्हणून चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक आधी बघा. अर्जात राग नको. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय झालं तेवढंच लिहा.

परिषद ताकीद देते, नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई मात्र देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आहे आणि तिथे साधारण दोन वर्षांची मुदत असते. परिषदेच्या निकालाची वाट बघत ही मुदत घालवू नका. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं.