१२ सामन्यांसाठी अख्खं गाव वेडं का होतं?

प्रश्न: अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमचा (चेंडू हातात घेऊन खेळतात तो अमेरिकन फुटबॉल) सीझन म्हणजे जेमतेम १२ सामने. तरी त्यासाठी अख्खं गाव वेडं कसं होतं? कुणी जवळून पाहिलंय का?

उत्तर: मी पाहिलंय. तेही अशा गावात, जिथे या टीमकडून कुणाला काडीची अपेक्षा नव्हती.

२०२३ मध्ये मास्टर्ससाठी मी इंडियाना युनिव्हर्सिटीत, ब्लूमिंग्टनला आले. हे गाव बास्केटबॉलचं. फुटबॉलमध्ये मोठ्या कॉलेजांपैकी सर्वाधिक सामने हरण्याचा विक्रम याच टीमच्या नावावर होता. माझ्या घरमालकीणबाईंकडे सीझनची दोन तिकिटं असायची. नवरा गेल्यापासून दुसरी जागा रिकामीच राहायची, म्हणून त्या मला घेऊन जायला लागल्या. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, हा खेळाचा गाभा मला त्यांनीच शिकवला. पण त्या वर्षी हाफटाइमला लोक पार्किंगमध्ये परत जायचे, गाड्यांच्या मागे ग्रिल पेटवून गप्पा मारत बसायचे. बाईही म्हणायच्या, "चल गं, सूप करू घरी जाऊन." सीझन संपला तो ३ विजय आणि ९ पराभवांवर.

मग जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतून कर्ट सिग्नेटी हे कोच आले. येताना तिथले बरेच खेळाडू घेऊन आले. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, कर्टिस रूर्क ओहायो युनिव्हर्सिटीतून आला. आता खेळाडूंना कॉलेज बदलणं सोपं झालंय, त्यामुळे एका हिवाळ्यात टीमचा चेहरामोहरा बदलू शकतो. "तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?" या अर्थाच्या प्रश्नावर सिग्नेटींनी सांगितलं होतं की मी जिंकतो, गूगल करा. गावाला ते उद्धट वाटलं नाही. असं ठामपणे बोलणारं कुणीतरी त्यांना हवंच होतं.

२०२४ चा सीझन सुरू झाला आणि टीम हरेचना. वेस्टर्न इलिनॉयवर ७७-३, कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीवर त्यांच्याच मैदानात ४२-१३, नेब्रास्कावर ५६-७. नेब्रास्काच्या सामन्यात रूर्कचा अंगठा मोडला. पुढचा वॉशिंग्टनचा सामना त्याच्याशिवाय जिंकला आणि त्यानंतरच्या सामन्याला तो परत हजर. सीझन संपल्यावर कळलं की गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असतानाच तो वर्षभर खेळला होता. ते वाचून मला अक्षरशः रडू आलं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला ९ नोव्हेंबरला मिळालं. समोर मिशिगन, आदल्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते. हाफटाइमला आम्ही १७-३ ने पुढे. नंतर मात्र आमचं आक्रमण पार थंडावलं आणि मिशिगनने १७-१५ पर्यंत आणलं. आयपीएलमध्ये एखादा सामना गेला तर परवा दुसरा असतो. इथे सामना शनिवारी, आठवड्यातून एक, आणि घरच्या मैदानावर वर्षातून सात-आठच. एक हरलात की वर्षाचा रंगच बदलतो. ५० हजारांचं स्टेडियम उभं होतं, एकही माणूस पार्किंगकडे गेला नव्हता. बाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की बोटांचे वळ उठले. २०-१५ ने जिंकलो. दहावा विजय. टीमच्या शंभरावर वर्षांच्या इतिहासात दहा विजय कधीच झाले नव्हते, आधीची मजल नवापर्यंतच.

ओहायो स्टेटने मात्र आम्हाला ३८-१५ असं धुतलं. तुम्ही दुबळ्यांनाच हरवलंत, असं टीव्हीवरचे जाणकार म्हणायला लागले. त्यात तथ्य होतं, वेळापत्रक खरंच सोपं होतं. पण आदल्या वर्षी याच टीमला असे सोपे सामनेही जिंकता येत नव्हते, हे त्यांच्यातलं कुणी बोलेना.

शेवटचा साखळी सामना परड्यू युनिव्हर्सिटीशी, म्हणजे त्याच राज्यातल्या भावकीशी. यात जिंकणाऱ्याला ओकची एक जुनी बादली मिळते. १९२५ पासून दर सामन्यानंतर तिच्या साखळीत विजेत्याच्या नावाचं पहिलं अक्षर जोडतात, आय किंवा पी. लागोपाठ तीन पी जोडले गेले होते. त्या रात्री ६६-० झालं. निकाल कधीच लागला होता, थंडीने अॅल्युमिनियमचे बाक बर्फ झाले होते, तरी लोक हलेनात. खेळाडूंनी बादली उचलली ती पाहूनच बाई जागेवरून उठल्या.

२० डिसेंबरला राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या १२ टीमच्या नव्या प्लेऑफची सलामी, नोत्र दाम युनिव्हर्सिटीच्या मैदानावर. तो सामना आम्ही घरी टीव्हीवर पाहिला. त्यांच्या जेरेमाया लव्हने ९८ यार्ड धावत टचडाउन केलं, म्हणजे चेंडू आमच्या शेवटच्या रेषेपार नेला, आणि मग आम्ही मागेच पडत गेलो. दीड मिनिट उरलं तेव्हा ३-२७. मी सवयीने म्हटलं, "सूप गरम करू का?"

बाईंनी मानेनेच नको म्हटलं. त्या दीड मिनिटात आमच्या पोरांनी दोन टचडाउन केले. १७-२७, हरलोच. घड्याळ शून्यावर आलं तेव्हा कुठे त्यांनी रिमोट उचलला.