लाल डोक्याचे दोन पाहुणे

प्रश्न: अमेरिकेच्या पूर्व भागातील आमच्या परसात टांगलेल्या फीडरवर लाल डोक्याचे, चिमणीएवढे पक्षी येतात. ते हाऊस फिंच की पर्पल फिंच, हे कसे ओळखावे?

उत्तर: केवळ रंगावर विसंबू नये, कारण हाऊस फिंचच्या नराचा लाल रंग त्याने खाल्लेल्या अन्नातून येत असल्यामुळे तो कधी नारिंगी, तर कधी चक्क पिवळाही दिसतो. आधी पक्ष्याच्या कुशी पाहाव्यात. तेथे स्पष्ट तपकिरी रेघा असतील आणि लाली कपाळ, गळा व छाती यांपुरतीच असेल, तर तो हाऊस फिंच होय. पर्पल फिंच नराच्या कुशीवर रेघा जवळजवळ नसतात आणि गुलाबीसर लाली डोक्यावरून पाठीपर्यंत, अगदी पंखांवरही उतरलेली असते. त्याची चोच सरळसोट शंकूसारखी असते, तर हाऊस फिंचच्या चोचीची वरची कड बाकदार असते.

खरी कसोटी मला माद्यांमध्ये वाटते, आणि नवख्याने तेथूनच सुरुवात करावी. पर्पल फिंच मादीच्या डोळ्यावर पांढरी ठळक भुवई व गालावर गडद पट्टा असतो. हाऊस फिंच मादीचा चेहरा मात्र अगदी कोरा असतो.

तुमच्याकडे बहुधा हाऊस फिंचच अधिक येत असावेत. मूळचा पश्चिमेकडचा हा पक्षी 1940 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पिंजऱ्यांतून सोडला गेला आणि तेथून पूर्वेत सर्वत्र पसरला.