तिच्या दाराशी जा

प्रिय बाळा,

शालोम.

सकाळी तुझा फोन आला तेव्हा घरात माणसं होती. किप्पूरच्या उपासानंतरचा शिळा सण म्हणजे येणं-जाणं चालूच, त्यामुळे धड बोलता आलं नाही. कोल निद्रेच्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासून शेवटी शोफारचं शिंग फुंकेपर्यंत सिनेगॉगमधून हललो नाही, पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी मन हलकं का होत नाही, असं तू विचारलंस.

होणार नाही. ज्या मुलीला दुखावलंस तिचं देणं तू तिला दिलेलंच नाहीस.

मिश्ना, म्हणजे आपल्या जुन्या धर्मनियमांचा संग्रह, तिच्या योमा या भागाच्या शेवटी धर्मगुरू रब्बी एलाझार बेन अझर्या स्पष्ट सांगतात: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांची किप्पूरच्या दिवशी क्षमा होते. माणसामाणसांतल्या पापांची होत नाही, दुखावलेल्या माणसाची समजूत काढेपर्यंत होत नाही. यात पळवाट नाही. पंचवीस तास उपाशी राहा, छाती बडवून घे, ते खातं वेगळं आहे. तिच्या दाराशी जायला हवं.

तू म्हणतोस, दारफाळणीच्या, म्हणजे किप्पूरच्या, आदल्या दिवशी सगळ्यांना मेसेज केला होता, 'कळत नकळत कोणाला दुखावलं असेल तर माफ करा.' हात जोडलेलं चित्रही होतं त्यात. बाळा, तो मेसेज मलाही आला होता. तू माझं काय बिघडवलं होतंस? दीडशे जणांची माफी मागितलीस, त्यात ती कुठे होती? आणि 'कळत नकळत' कशासाठी? तुला पक्कं कळत होतं. चुलतभावाच्या मेहंदीत, चाळीस माणसांत, घरात नव्याने आलेल्या त्या मुलीला तू म्हणालास, "तुमची आजी कोण होती ते आम्हाला ठाऊक आहे." लोक हसले. ती हातावरची ओली मेहंदी तशीच घेऊन आत निघून गेली. मी पाहत होतो. मीही तेव्हा बोललो नाही, ते माझ्या खात्यावर आहे.

'गंमत होती' असं पुन्हा म्हणू नकोस. आपल्या बेने इस्रायल ज्यूंमध्ये गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल, म्हणजे ज्यांच्या घराण्यात ज्यू नसलेली आई आली असं मानलं जाई ते, यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या रोटीबेटी व्यवहार नव्हता. काळ्यांचा हात भांड्याला लागलेला गोऱ्यांना चालत नसे. इस्रायलमध्ये रब्बींनी लग्नाआधी आपल्या लोकांच्या आज्या-पणज्या ज्यू होत्या का ते तपासायला काढलं तेव्हा आपण किती चिडलो! 1964 साली आपली माणसं जेरुसलेममध्ये निदर्शनांना बसली. आणि तू मेहंदीच्या मांडवात तोच प्रश्न आपल्याच मुलीला घातलास. बाबा मेत्सिया या भागातली मिश्ना याच गोष्टीवर बोट ठेवते: धर्मांतरितांच्या मुलाला 'तुझे पूर्वज काय करत होते ते आठव' असं म्हणू नये. तिथे त्याला शब्दांनी केलेला अन्याय म्हटलंय आणि मालात फसवण्याच्या शेजारी बसवलंय. त्यावर तालमूद, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेचा ग्रंथ, म्हणतो, पैशांचा अन्याय परत करता येतो, शब्दांचा येत नाही.

हे वाक्य मला कसं कळलं ते सांगतो.

1983 साली वडिलांच्या मागे आमचा फर्निचरचा कारखाना माझ्या गळ्यात आला. एकदा गल्ल्यातले एकशे चाळीस रुपये गेले. माणगावकडचा एक सुतार होता, रंध्यावर त्याच्यासारखा हात कोणाचा नव्हता. दुपारी तो गल्ल्याजवळ उभा होता, एवढ्यावर मी चार कारागीर आणि एका गिऱ्हाइकासमोर त्याला खिसे उलटे करायला लावले. अर्धं बिडीचं बंडल, एसटीचं तिकीट आणि पेन्सिलीचा तुकडा निघाला. चारचौघांत माणसाला लाज आणणं म्हणजे रक्त सांडणं, असं आपले ज्ञानी म्हणतात, कारण चेहऱ्यावरची लाली जाते आणि पांढरेपणा येतो. मी ते प्रत्यक्ष पाहिलंय. बाहेर लोंबणारे खिसे त्याने नंतर एकेक करून आत ढकलले, सावकाश.

दोन महिन्यांनी नोटा सापडल्या, ड्रॉवरच्या फळीमागे. मी काय केलं? दिवाळीला त्याच्या पाकिटात दोनशे रुपये जास्त घातले. तोंडाने काही बोललो नाही. त्याने पाकीट कपाळाला लावून घेतलं.

मी एकोणतीस वर्षांचा होतो. डोक्यावर वडिलांचं कर्ज होतं, कारागिरांसमोर मालक नरम पडला तर कारखाना चालत नाही असं मला वाटायचं. आणि पैसे तर मी बुडवले नव्हते, उलट साठ जास्तच दिले, एवढं तूही मान. वीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो. दर किप्पूरला सांगत होतो.

2004 साली एलूलमध्ये, म्हणजे किप्पूरच्या आधीच्या महिन्यात, त्याचं गाव शोधत गेलो. तो सात वर्षांपूर्वी वारला होता. मी नाव सांगितल्यावर त्याची बायको म्हणाली, "म्हणजे खिसे उलटे करायला लावणारे शेठ." पाकीट तिला आठवत नव्हतं.

रामबाम, म्हणजे बाराव्या शतकातले आपले मोठे धर्मपंडित, लिहितात, ज्याचा अपराध केला तो वारला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जावं आणि अपराध बोलून दाखवावा. त्याला तर नदीकाठी अग्नी दिलेला, कबर कुठली? नंतर आपल्यातलेच एक जण मला म्हणाले, तो ज्यू नव्हता, हा नियम तिथे कशाला लावायचा? मी ऐकलं नाही, आजही ऐकणार नाही. त्याच्या मुलाला म्हटलं, दहा माणसं बोलाव. मारुतीच्या देवळासमोर सगळे जमले. तिथे मी मोठ्याने सांगितलं की तुमचा बाप चोर नव्हता, चूक माझी होती. मुलगा खाली बघत उभा होता. माफ केलं असं तो म्हणाला नाही. ज्याने म्हणायचं तो नव्हता.

म्हणून म्हणतो, दाराशी जा. ती आहे, दार आहे, तिथे जायला तुला लोकलने चाळीस मिनिटं लागतात. मला एवढंही मिळालं नाही.

जाण्याआधी फोन करून वेळ विचार. एकटा जा, आईला पुढे करू नकोस. मिठाईचा बॉक्स नेऊ नकोस, माझं पाकीट आठव. 'काही चुकलं असेल तर' हे शब्द तोंडातून काढू नकोस. तू जे वाक्य बोललास तेच तिच्यासमोर उच्चार आणि ते चूक होतं असं सांग. मग गप्प बस. ती रडेल, ओरडेल, तुझ्या आजीचा उद्धार करेल, ऐकून घे. त्यानंतर मेहंदीत जे हसले त्यांच्यातही हे सांगायचं आहे, कारण लाज तिथे गेली.

दार उघडलं नाही तर नियम ठरलेला आहे. पुन्हा जायचं, तीन माणसं बरोबर घेऊन, आणि असं तीनदा. दोन माणसं तू बघ. तिसरा मी. माझे गुडघे दुखतात, तेव्हा तिच्या इमारतीला लिफ्ट आहे का ते आधी कळव.

तुझा,
काका