जुन्या जीपचा मागचा डिफरन्शियल वेल्ड करून लॉक करावा का?

आपली एमएम 540 जीप चिखलात एका चाकावर अडकते, म्हणून मागचा डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) वेल्ड करून, म्हणजे दोन्ही चाके कायमची एकत्र बांधून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मिस्त्री हे एका दुपारचे काम आहे असे म्हणतात आणि मित्र म्हणतो की वेल्ड केलेला डिफरन्शियल आज ना उद्या तुटतोच. मित्राच्या या वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी आमच्या दाजींकडून घरच्या प्रत्येक कार्यात ऐकत आलो आहे, आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला माझे वेल्डिंगचेच शेड आहे.

दाजींची जीप शेतावरही जाते आणि गगनबावड्यावरून कोकणातही उतरते. पावसाळ्यात बांधावर एक चाक अधांतरी फिरत राही आणि दुसरे जागचे हलत नसे, म्हणून त्यांनी एका गॅरेजमध्ये मागच्या डिफरन्शियलमधले छोटे स्पायडर गिअर चाकांच्या शाफ्टना जोडलेल्या साईड गिअरना वेल्ड करून घेतले. त्यापूर्वी मी त्यांना स्पष्ट सांगितले होते की घाटात जाणाऱ्या गाडीला हे करू नका, आणि करायचेच असेल तर गिअर तापवल्याशिवाय वेल्डिंगचा रॉड लावू देऊ नका. त्यांनी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात करूळ घाट चढून येताना एका वळणावर मोठा आवाज झाला, मागची चाके जखडली आणि गाडी रस्त्यातच आडवी थांबली. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. आम्ही ती ओढून शेडमध्ये आणली, मी स्वतः हाऊसिंग (डिफरन्शियलचा बाहेरचा डबा) उघडले आणि जे दिसले ते दाजींना तिथेच दाखवले: साईड गिअरचा एक तुकडा क्राऊन आणि पिनियन या इंजिनची ताकद एक्सलला देणाऱ्या गिअर-जोडीच्या मध्ये अडकला होता, पण वेल्ड त्या तुकड्याला जसाच्या तसा चिकटून होता. तडा वेल्डमधून गेलाच नव्हता, तर त्याच्या कडेने, गिअरच्या पोलादातून गेला होता, आणि तुटलेल्या भागाचा बराचसा पृष्ठभाग जुना, काळपट झालेला होता, म्हणजे तो तडा गाडी घाटात येण्याच्या कितीतरी आधी पडलेला होता.

हे असे का होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. हे गिअर 20एमएनसीआर5 किंवा ईएन 353 अशा जातीच्या पोलादाचे करतात, ज्याच्या गाभ्यात कार्बन 0.2 टक्क्यांच्या आसपास असतो. पण दात झिजू नयेत म्हणून कार्बुरायझिंग (तापवून पृष्ठभागात कार्बन मुरवणे) करून वरच्या साधारण 1 मिलिमीटर थरात तो 0.8 टक्क्यांपर्यंत नेतात. त्या थरावर थंड अवस्थेत रॉड चालवला, की वेल्डलगतची पट्टी क्षणात तापते, क्षणात थंड होते आणि काचेसारखी ठिसूळ बनते. त्यात पावसाळी हवेत उघडा पडलेला, ओल धरलेला रॉड असेल तर हायड्रोजन आत शिरतो, आणि तडा वेल्ड करताना नव्हे, तर कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडतो, तोवर गिअर हाऊसिंगमध्ये बसवून तेल भरलेले असते.

याच कारणासाठी क्राऊन आणि बेअरिंग काढून ठेवावे लागतात, वेल्ड होणाऱ्या जागेचा कडक थर ग्राइंडरने घासून काढावा लागतो, संपूर्ण जोड 200 ते 250 अंशांपर्यंत तापवून तापमान ठराविक अंशांना वितळणाऱ्या खडूने तपासावे लागते, भट्टीत भाजलेला 7018 (कमी हायड्रोजनचा) रॉड वापरावा लागतो आणि काम झाल्यावर तो वेल्ड केलेला गिअरसंच कोरड्या चुन्याच्या भुकटीत किंवा राखेत पुरून रात्रभर सावकाश थंड होऊ द्यावा लागतो. वेल्ड गिअरला गिअरचाच करावा. गिअरभोवतीची केसिंग बहुधा बिडाची असते आणि तिला टाका मारला की तीच तडकते. म्हणजे हे एका दुपारचे काम नाही. मी या पद्धतीने केलेला एक डिफरन्शियल केवळ ऑफ-रोड स्पर्धांत उतरणाऱ्या आणि तिथवर ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या जीपमध्ये आजही शाबूत आहे. दाजींना मी तो दाखवला आहे. तरीही ते दोष वेल्डिंगलाच देतात, हे मला मान्य नाही आणि कधी होणारही नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. गाडी डांबरी रस्त्यावर चालवायची असेल तर माझे उत्तर नाही असेच आहे, वेल्ड कितीही उत्तम असला तरी. दोन चाकांत 1.3 मीटर अंतर धरले, तर घाटातल्या पूर्ण उलट्या वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा सुमारे 4 मीटर जास्त धावावे लागते. डिफरन्शियल लॉक असला की हे 4 मीटर कोणत्या तरी टायरला घसटत काढावे लागतात आणि तो सगळा पीळ एक्सल शाफ्टवर येतो. ओल्या रस्त्यावर तर गाडी वळायचे सोडून सरळ पुढे जाऊ पाहते. आमच्याकडे ट्रॅक्टर चालवणारा प्रत्येक जण डिफ-लॉकचे पेडल वळणाआधी सोडतो, दाजीही सोडतात. जे पेडल ट्रॅक्टरवर वळताना दाबून ठेवायचे नसते, ते जीपमध्ये जन्मभर दाबून ठेवायला ते कसे तयार झाले, हे त्यांनी मला अजून सांगितलेले नाही.

रस्ता आणि चिखल दोन्ही हवे असतील तर सुटणारा लॉकर (दोन्ही चाके गरजेपुरतीच एकत्र बांधणारी यंत्रणा) हाच योग्य उपाय आहे. फोर्सच्या गुरखामध्ये पुढे-मागे हाताने लावायचे लॉक येतात, आणि महिंद्राच्या 2015 पासूनच्या काही थारमध्ये मागे ईटन कंपनीचा लॉकर आला, जो चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की आपोआप लागतो. ते परवडत नसेल तर आधी टायर चांगले घ्या, चिखलात हवा कमी करा आणि चाक फिरू लागताच अॅक्सिलरेटरबरोबर ब्रेकवर हलका पाय ठेवून पाहा. बऱ्याचदा तेवढ्याने गाडी निघते.

एवढे असूनही आपली जीप फक्त शेतात राहणार असेल आणि वेल्ड करायचेच ठरले असेल, तर पुढच्या एक्सलला मात्र कधीही करू नका, कारण फोर-व्हील लावल्यावर स्टिअरिंग हाताला ऐकत नाही. मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग (म्हणजे चाक थेट शाफ्टवरच बसवलेला) असेल तर शाफ्टची तपासणी नियमित करा, कारण तिथे शाफ्ट तुटला की चाकच गाडीबाहेर जाऊ शकते. मूळ गिअर जपून ठेवा आणि वेल्ड दुसऱ्या जुन्या संचावर करा. पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर तेल काढून त्यात लोखंडाचे कण चुंबकाने शोधा. तुकडा सापडला, तर गाडी त्याच क्षणी बंद ठेवून हाऊसिंग उघडा.