वाचक विचारतात : अमोनाइट, शाळिग्राम आणि कच्छचे थर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच अमोनाइटविषयी आहेत. अमोनाइट म्हणजे गुंडाळीच्या आकाराचे, आतून कप्पे असलेले कवच बाळगणारा समुद्री प्राणी. आपल्या माकुळाचा दूरचा नातलग. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच सुमारास हाही संपला. निवडक प्रश्न आणि उत्तरे खाली देत आहोत.

प्रश्न : सह्याद्रीत फिरताना एकात एक वर्तुळे असलेले गोल दगड दिसतात. हे अमोनाइट असू शकतात का? (वाचक, संगमनेर)

नाही. सह्याद्री लाव्हाचा आहे आणि तो लाव्हा अमोनाइट नामशेष होण्याच्या सुमारास जमिनीवर पसरला. बसाल्टचा धोंडा झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, ती तुम्हाला दिसलेली वर्तुळे. कधी थिजत्या लाव्हाच्या सायीला पडलेल्या दोरखंडासारख्या वळ्याही फसवतात. नागपूर भागात लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात गोगलगायींचे जीवाश्म सापडतात, ते खरे जीवाश्म आहेत. पण गोगलगायीच्या कवचाची नळी टोकापर्यंत मोकळी असते, अमोनाइटच्या नळीत आडवे पडदे असतात. दगड फुटलेला असेल तर एवढी खूण पुरते. ज्युरासिक काळातले अमोनाइट पाहायचे तर महाराष्ट्रातून जवळचे ठिकाण कच्छ.

प्रश्न : देवघरातला शाळिग्राम जीवाश्म आहे असे ऐकले. घरच्या घरी कसे पाहावे? तो खरा की कोरलेला? (वाचक, मिरज)

नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या परिसरात काळ्या शेलचे, म्हणजे चिखल दाबून झालेल्या पापुद्रेदार खडकाचे, थर आहेत. तेच थर आपल्याकडे हिमाचलातल्या स्पितीत दिसतात, म्हणून त्यांना स्पिती शेल म्हणतात. ज्युरासिकच्या उत्तरार्धात तिथे समुद्र होता. तळाच्या चिखलात पडलेल्या कवचाभोवती खनिजे साखळून घट्ट गोटा तयार झाला. पुढे हिमालय उचलला गेला, शेल झिजला आणि गोटे काली गंडकीच्या पात्रात आले. ‘वज्रकीटकाने कोरलेले चक्र’ असे ज्याला परंपरा म्हणते, तो बहुतेक वेळा अमोनाइटचा ठसा असतो. सगळ्याच शाळिग्रामांत मात्र तो दिसत नाही. काहींत तो गोट्याच्या पोटात दडलेला असतो, काहींत नसतोच.

पाहण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि विजेरीचा उजेड अगदी आडवा, बाजूने टाका. अमोनाइटच्या बरगड्या (कवचावरच्या उंचवट्याच्या रेषा) आतल्या कडेला एकेरी निघतात आणि बाहेर जाता जाता बहुधा दोन-तीन फाटे फुटतात. वेढा मोठा होतो तसे त्यांच्यातले अंतर आणि जाडी वाढत जाते. कोरीव नकलेत सगळ्या रेषा सारख्याच खोल, सारख्याच अंतरावर असतात आणि खोबणीच्या तळाशी कानशीच्या बारीक ओरखड्या दिसतात. आम्लाचा थेंब टाकून ‘परीक्षा’ करू नका, फोडून तर मुळीच पाहू नका. काही गोट्यांत सोनेरी पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असते. असा शाळिग्राम अभिषेकानंतर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडा करावा, ओल्या कापडात गुंडाळून ठेवू नये.

प्रश्न : आम्ही एम.एस्सी.चे विद्यार्थी कच्छला क्षेत्रसहलीला जाणार आहोत. अमोनाइट गोळा करण्याची नीट पद्धत सांगाल का? (विद्यार्थी, पुणे)

तुमचे क्षेत्र नशीबवान आहे. तिथले थर घुमटासारखे फुगलेले आहेत (जुमारा, जारा, कीरा, हबो हे त्यांतले प्रसिद्ध घुमट) आणि ओढ्यांनी ते कापून ठेवलेत. घुमटाच्या मध्यभागी सर्वांत जुना थर उघडा पडतो आणि बाहेरच्या दिशेने चालत गेलात की थर नवे होत जातात. १८७३ ते १८७५ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ वागेन यांनी इथल्या अमोनाइटांचे पहिले मोठे वर्णन छापले, १९२७ ते १९३३ मध्ये स्पाथ यांनी त्याची फेरतपासणी केली. वागेन यांच्यापुढे दुसऱ्यांनी गोळा केलेले नमुने होते. कुठला नमुना नेमक्या कुठल्या थरातला, हा घोळ निस्तरण्यात नंतरच्या अभ्यासकांची बरीच वर्षे गेली. तो घोळ तुम्ही पुन्हा करू नका.

आधी थर मोजा, मग हातोडा उचला. ओढ्याच्या काठाने मध्यापासून बाहेर चालत प्रत्येक थराला खालून वर क्रमांक द्या. खडक कोणता, रंग, कणांचा आकार, जाडी, वरची सीमा धारदार की हळूहळू बदलणारी, हे तिथेच वहीत लिहा. सपाट जमिनीवर टेपने मोजलेली लांबी म्हणजे थराची जाडी नव्हे. तिला कलाच्या कोनाच्या साइनने गुणावे लागते. थराच्या कलाच्या दिशेने १० मीटर चाललात आणि थर १० अंशांनी कललेला असेल, तर खरी जाडी जेमतेम १.७ मीटर. हा गुणाकार विसरल्याने दर सहलीत एखादा गट घुमटातल्या थरांची जाडी पाच-सहा पट करून आणतो.

मग नमुने. थरात रुतलेला आणि उतारावर सुटा पडलेला, हे दोन वेगळ्या पिशव्यांत जायला हवेत. सुटा नमुना खाली घरंगळतो, वर चढत नाही. म्हणजे तो ज्या थरावर पडलाय त्या थरातला किंवा त्याच्या वरच्या कुठल्या तरी थरातला. एवढेच त्याच्याविषयी म्हणता येते, आणि कालक्रमासाठी तेवढे पुरत नाही. गावातली मुले सुरेख गोळे विकायला आणतात. ते टेबलावर शोभतील, प्रबंधात नकोत.

रुतलेला नमुना काढण्यापूर्वी फोटो घ्या आणि वरच्या बाजूला पक्क्या मार्करने बाण काढा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि मग हळहळतात. कारण असे की कवचाच्या कप्प्यांत अर्धवट गाळ शिरतो आणि उरलेली पोकळी नंतर कॅल्साइटच्या स्फटिकांनी भरते. गाळ नेहमी खाली बसतो. प्रयोगशाळेत नमुना कापल्यावर गाळाची पातळी बाणाशी जुळली तर कवच पहिल्यापासून तसेच पडून होते. तिरपी निघाली तर ते आधी कुठे तरी पुरले गेले, उकरले गेले आणि पुन्हा पुरले गेले. त्याचे वय थराच्या वयाहून जास्त असू शकते.

छिन्नी नमुन्यापासून किमान वीतभर लांब लावा आणि भोवतीच्या खडकासकट ढेप काढा. फुटलाच तर तुकड्यांच्या कडांवर जुळणाऱ्या रेघा मारून मग उचला. वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत घाला. क्रमांक दोन ठिकाणी हवा, चिठ्ठीवर आणि दगडावर. चिठ्ठी एकटी असली की पिशवीतल्या घासाघाशीत तिचा भुगा होतो.

ढोसा ऊलाइट या थरापाशी विशेष जपा. बारीक राईएवढ्या लोहयुक्त गोळ्यांचा हा तपकिरी थर भुजच्या परिसरात दूरवर ओळखता येतो, मायाइटिस आणि पेरिस्फिंक्टिस हे अमोनाइट त्यात भरपूर मिळतात. पण त्याच्या माथ्यावर गाळ फार सावकाश साचला, मधूनमधून धुपला. त्यामुळे वेगवेगळ्या काळांतले अमोनाइट वीत-दीड वीत जाडीत शेजारी शेजारी येतात. ज्यावर किड्यांची छिद्रे आहेत, शिंपल्यांची पुटे चढली आहेत, ज्याच्या पोटातला गाळ बाहेरच्या खडकापेक्षा वेगळा दिसतो, तो नमुना जुन्या थरातून आलेला ‘पाहुणा’ समजा आणि यादीत वेगळा दाखवा.

प्रश्न : चुनखडकातला अमोनाइट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला. खडक विरघळला, पण बरगड्याही गुळगुळीत झाल्या. काय चुकले? (वाचक, नागपूर)

आम्लाला खडक आणि कवच यांतला फरक कळत नाही, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. आम्ल चालते ते जीवाश्म सिलिकाचा झालेला असेल तेव्हाच. तुमच्या नमुन्यावर आता उपाय नाही. पुढच्या वेळी दोन-तीन दिवस साध्या पाण्यात भिजवून मऊ गाळ ब्रशने काढा, मग दंतवैद्याची जुनी हत्यारे किंवा हवेवर चालणारी कंपनलेखणी वापरा. टोक कवचाच्या पृष्ठभागाशी काटकोनात धरले तर खडकाची कपची आपसूक सुटते. तिरपे धरले तर ओरखडा उठतो. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क हवाच. ठिसूळ नमुन्यावर पॅरालॉइड बी-७२ या राळेचे ॲसिटोनमधले ५ टक्क्यांचे द्रावण कुंचल्याने लावा. नमुना पूर्ण वाळलेला नसेल तर राळ पांढुरकी पडते. झटपट चिकटणारा गोंद मोहात पाडतो, पण तो पुढे काढणे अवघड जाते.

प्रश्न : एकाच थरात सारख्याच नक्षीचे दोन आकारांचे अमोनाइट मिळाले, एक १५ सेंटिमीटर, दुसरा ५. दोन जाती मानायच्या का? (संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

घाई नको. धाकटा खरोखर वाढ पूर्ण झालेला आहे की मोठ्याचे पिल्लू, हे आधी ठरवा. कप्प्यांमधले पडदे कवचाच्या भिंतीला जिथे टेकतात तिथे नागमोडी शिवण दिसते. वाढ थांबत आली की शेवटच्या काही शिवणी एकमेकींच्या अगदी जवळ येतात. पाच सेंटिमीटरच्या नमुन्यात अशी दाटी दिसली तर तो प्रौढच. त्याच्या तोंडाशी दोन बाजूंना जिभेसारखे पदर असतील तर आणखी पुरावा. मग दोघांचे आतले वेढे ताडून पाहा. ते सारखे असतील तर बहुधा ही एकाच जातीची दोन लिंगे आहेत. मोठी ती मादी, असे सहसा मानतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला माकोव्स्की आणि कॅलोमन यांनी हा विचार नेटाने मांडला, आणि तेव्हापासून कच्छच्या मॅक्रोसेफॅलाइटिस कुळातल्या कितीतरी जुन्या ‘जाती’ एकत्र कराव्या लागल्या.

मापे घ्याल ती अशी : व्यास, नाभीची (गुंडाळीच्या मध्यातल्या खळग्याची) रुंदी, वेढ्याची उंची, वेढ्याची जाडी आणि अर्ध्या वेढ्यातल्या बरगड्या. व्यास ८० मिलिमीटर आणि नाभी २८ असेल तर गुणोत्तर ३५ टक्के. पण एकाच व्यासाला मोजून थांबू नका. वय वाढते तशी नाभी उघडत किंवा मिटत जाते, म्हणून त्याच नमुन्यावर तीन-चार व्यासांना मापे हवीत. खडकाच्या भाराने चेपून लंबगोल झालेला नमुना गुणोत्तरांसाठी बाद.

शिवण चितारताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे शेवटच्या दाटीतली शिवण निवडणे. तिथली नक्षी चेमटलेली असते, मधल्या वयातली घ्या. दुसरी, शिवण उठून दिसावी म्हणून पृष्ठभाग घासणे. घासला की बारीक झालरी निघून जातात आणि ज्युरासिकचा अमोनाइट त्याआधीच्या ट्रायासिक काळातला वाटू लागतो.

फोटोपूर्वी नमुन्यावर नवसागराच्या धुराचा पातळ पांढरा थर द्यायची रीत आहे, त्याने बरगड्या लख्ख उठतात. धूर घशाला झोंबतो, म्हणून धूरकपाटातच करा. पावसाळी हवेत थर ओल धरून डागाळतो. उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून, शेजारी मोजपट्टी. काम झाल्यावर नवसागर धुऊन टाका.

प्रश्न : अमोनाइट ‘१६ कोटी वर्षांपूर्वीचा’ हे कार्बन पद्धतीने ठरवतात का? (शिक्षक, रत्नागिरी)

नाही, कार्बन-१४ ची मजल सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच. अमोनाइट मुळात आकडा सांगतच नाही, क्रम सांगतो. त्याच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या आणि समुद्रातून दूरवर पसरल्या, म्हणून जर्मनीत ओपेल यांनी १८५६ ते १८५८ या काळात ज्युरासिकचे अमोनाइटांवरून विभाग पाडले. आज पश्चिम युरोपात असे सत्तरहून अधिक विभाग मानतात. एकेक सरासरीने दहा लाख वर्षांहूनही लहान. वर्षांचा आकडा येतो ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉन स्फटिकांतून, युरेनियम आणि शिसे मोजून. ज्युरासिकचा आरंभ सुमारे २० कोटी १४ लाख वर्षांपूर्वीचा मानतात, त्यामागे पेरूतल्या अमोनाइटांच्या थरांत सापडलेल्या अशा राखेचा मोठा वाटा आहे. कच्छचा नमुना हा आकडा उसना घेतो.

त्यातही मेख आहे. मायाइटिस कच्छ, मादागास्कर, पूर्व आफ्रिका, इंडोनेशिया इथे मिळतो, पश्चिम युरोपच्या यादीत नाही. त्या काळी भारत दक्षिण गोलार्धात मादागास्करला चिकटून होता आणि हा त्या बाजूच्या समुद्राचा रहिवासी. म्हणून युरोपच्या विभागांशी जुळणी करायला दोन्हीकडे आढळणारे पेरिस्फिंक्टिससारखे सोबती शोधावे लागतात. समुद्राचे तापमान मात्र कच्छच्या अमोनाइटांवरून काढायला जाऊ नका. त्यांचे मूळ अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचेच कमी टिकणारे रूप) बहुतेक ठिकाणी बदलून गेले आहे आणि ज्यावरून तापमान काढतात ती त्यातल्या ऑक्सिजनची नोंद पुसली गेली आहे. त्यासाठी त्याच थरातले बेलेम्नाइट (माकुळाच्या दुसऱ्या एका नामशेष नातलगाचे जीवाश्म) किंवा कालवांची कवचे घ्यावीत. ती मुळातच कॅल्साइटची, जास्त टिकणारी.

प्रश्न : इंग्लंडमध्ये चारमथला घेतलेल्या सोनेरी अमोनाइटवर पांढरी भुकटी येते आहे. धुतला तरी पुन्हा येते. (वाचक, लीड्स)

धुणे थांबवा, पाण्यानेच हा रोग वाढतो. तुमचा अमोनाइट पायराइटचा आहे. दमट हवेत पायराइट ऑक्सिजनशी मिळून सल्फेटची भुकटी आणि गंधकाम्ल तयार करते. डबीतली चिठ्ठी कडेने पिवळी, जळल्यासारखी झाली असेल तर ते त्या आम्लाचे काम. कोरड्या मऊ ब्रशने भुकटी झाडा, हातमोजे घाला. मग हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत ठेवा, आत आर्द्रतामापक ठेवून हवा ५० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरता येते. नेलपॉलिश किंवा वार्निश लावू नका, ओल आतच कोंडली जाते. ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी मात्र नवी लिहून डबीच्या बाहेरून चिकटवा. अमोनाइट पुढेमागे भुगा झाला तरी ती वाचता आली पाहिजे.