लुळा हात ओढू नका

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात पक्षाघाताचे पेशंट येतात. त्यांना वळवणं, बसवणं नव्या सिस्टर्सना कसं शिकवू? पहिल्याच दिवशी उठवावं का?
– एक इन्चार्ज सिस्टर

उत्तर : ताई, मी आधी सिस्टर्सनाच कॉटवर झोपवते. एकीने हात लुळा सोडायचा, दुसरीने तिला वर सरकवायचं. काखेत हात घालून ओढलं की खांद्याचं काय होतं, ते लगेच कळतं. पेशंटचे तिथले स्नायू ढिले पडलेले असतात. अशा ओढाओढीने खांदा महिनोन्महिने दुखत राहतो. त्यापेक्षा खाली चादर घालून दोघींनी सरकवा. लुळ्या कुशीवर झोपवायला घाबरू नका, फक्त तो खांदा अंगाखाली दबू न देता पुढे काढून ठेवा. चांगल्या कुशीवर असताना लुळ्या हाताखाली उशी हवीच. (उशी नसेल तर ब्लँकेटची घडी. माझी निम्मी नोकरी त्यावर निघाली!)

उठवायची घाई नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अॅव्हर्ट’ या वैद्यकीय अभ्यासात पक्षाघाताचे २,१०४ रुग्ण होते. झटका आल्यापासून २४ तासांच्या आत वारंवार उठवलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी चांगली निघाली. म्हणून डॉक्टरांना विचारून, रक्तदाब बघून, थोडा थोडा वेळच बसवा. आणि बसवल्यावर नातेवाइकांनी चहाचा कप पुढे करायच्या आत, गिळता येतंय का ते तपासून घ्या.